ठिपक्याच्या अलीकडे

लुमिर गेल्यानंतरच्या तिसऱ्या एप्रिलात
मी त्याचं यंत्र कोठाराच्या फळीवरून खाली काढलं.
सेल बदलले. आठ लागतात.

एकोणऐंशी सालचं यंत्र. आकड्यांचा पडदा नाही,
एक काटा, तीन बटणं,
आणि कानात सतत बारीक गुणगुण,
शेजारच्या खोलीत कुणी जागं असावं तशी.
मधल्या बटणापाशी लाल ठिपका:
माझंच नेलपॉलिश, मला न विचारता घेतलेलं.
"इथून हलवायचं नाही," तो बजावायचा,
"ठिपक्याच्या अलीकडे सगळा कचरा बोलतो."

कचरा म्हणजे खिळे, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी,
बियरच्या डब्यांच्या कड्या.
ठिपक्यावर ठेवलं की ते मुके होतात
आणि फक्त डाइम, क्वार्टर, चांदीचं काही
खणखणीत वाजतं.
चाळीस वर्षं त्याने जमीन अशी ऐकली.
मलाही बहुतेक अशीच.
तक्रार नाही; त्याच्या घोरण्यावर
मीही एक ठिपका लावून ठेवलाच होता.

एकवीस नंबरची शाळा आता नाही.
हातपंपाचा चौथरा आहे, लायलॅकची दोन झुडपं,
आणि चहूकडे नेब्रास्का, नांगरलेली.
झेलेनीचा नातू म्हणाला, "मका पेरायच्या आत काय ते खणा,
आणि खड्डे बुजवा, आजी."

त्रेपन्न साली इथे माझं दुधाचं नाणं हरवलं.
पाच सेंट. लोकरी हातमोज्यात होतं,
मग नव्हतं.
मी आठ वर्षांची होते आणि बाई समोर उभ्या होत्या,
तेव्हा मी बोट दाखवलं
डेल्विन माखकडे.
का त्याच्याकडे? तो जवळ उभा होता.
त्याचे बूट फाटके होते.
शेगडीमागे तो दुपारभर उभा राहिला
आणि एकदाही म्हणाला नाही की मी नाही घेतलं.

हे मी फक्त लुमिरला सांगितलं,
तेही लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, दिवा मालवून.
तो काही बोलला नाही. शनिवारी यंत्र घेऊन इथे आला.
पुढचाही शनिवार. असे तीन उन्हाळे.
अकरा डाइम मिळाले, एक क्वार्टर, कुणाचं तरी चांदीचं पदक.
"तिथे निकेल नाही, अल्बिना," तो म्हणाला.
"घेतलंच असेल त्या पोराने."
आणि मी,
मी त्या रात्री गाढ झोपले.

आज मला बटणाचं काही कळत नव्हतं म्हणून
ते अंगठ्याने उलटं फिरलं, पार शून्यावर.
जमीन एकदम बोलायला लागली,
बाजार भरावा तशी, सगळे एकाच वेळी.
खिळा. खिळा. कडी. चंदेरी. खिळा.
गुडघे टेकून मी सगळं खणलं, एकेक,
बिजागरीसुद्धा.
चौथऱ्यापासून चार पावलांवर, हाताच्या पंजाइतकं खोल,
एक मऊ, बसका आवाज. कडीसारखाच.

कडी नव्हती.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
ठिपक्यावर ठेवलं की
कड्यांबरोबर निकेलही गप्प होतं,
लुमिरला हे माहीत होतं का?
यंत्राची पुस्तिका त्याने पाठ केली होती.
मी विचारणार कुणाला.

थुंकी लावून पुसलं. एका बाजूला रेडा,
दुसऱ्या बाजूला माणसाचा चेहरा.
सालाच्या जागी नुसतं गुळगुळीत.
त्या नाण्यांचं साल आधी झिजतं, तोच सांगायचा.
म्हणजे हे माझं असेल,
किंवा कुणाचंही.

डेल्विन क्रीटच्या वृद्धाश्रमात असतो.
गुरुवारी भेटायची वेळ दोन ते चार.
त्याची बहीण सांगते, तो आता माणसं ओळखत नाही,
पण दूध दिलं की पेला दोन्ही हातांनी धरतो.

खड्डा बुजवला. वर गवताचं ढेकूळ बसवलं,
टाचेने दाबलं.
नाणं लुमिरच्या बरणीत टाकलं नाही.
यंत्र बंद करायला विसरले असेन;
गाडीत, मागच्या सीटवर,
घरापर्यंत ते गुणगुणत होतं.